‘ढ’ कोण ठरवतं? मोजपट्टीची शंभर वर्षं आणि शाळेतलं मूल

आजच्या विषयाची सुरुवात एका अक्षरापासून करू या. ‘ढ’. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला या अक्षराचा दुसरा अर्थ सांगावा लागत नाही. ब्राह्मी लिपीतून आजच्या देवनागरीपर्यंत येताना जवळजवळ सगळी अक्षरं ओळखू येणार नाहीत इतकी बदलली, पण ‘ढ’ दोन हजार वर्षांत फारसा बदलला नाही. म्हणून ज्या मुलात काही फरक पडत नाही तो ‘ढ’, अशी या शब्दाची उपपत्ती सांगितली जाते. उपपत्ती खरी असो की रचलेली, तिच्यात एक ठाम समजूत दडलेली आहे: हे मूल असंच आहे आणि असंच राहणार.

ही समजूत आधी गुरुजींच्या अंदाजावर चालत होती. विसाव्या शतकात तिला आकड्यांचा आधार मिळाला, आणि तो मानसशास्त्राने दिला. गंमत अशी, की ज्या माणसाने ही मोजपट्टी पहिल्यांदा तयार केली, त्याने ती नेमकी ही समजूत मोडण्यासाठी केली होती. मोजपट्टी जगभर गेली, तिच्याबरोबर जायला हवी होती ती एक गोष्ट मात्र मागे राहिली. ती कोणती, हे आज बघायचं आहे.

पॅरिसला जाऊ. १८८१ आणि १८८२ या दोन वर्षांत फ्रान्समध्ये ज्यूल फेरी यांच्या पुढाकाराने प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं. सक्तीच्या शिक्षणाचा एक परिणाम आपण सहसा लक्षात घेत नाही. शाळा ऐच्छिक असते तेव्हा ज्याला जमत नाही तो मुलगा आपोआप घरी बसतो, शेतात जातो, कारखान्यात जातो. शाळेला त्याचा प्रश्नच पडत नाही. शाळा सक्तीची झाली की सगळी मुलं एका वर्गात येतात आणि मग मास्तरांपुढे पहिल्यांदा प्रश्न उभा राहतो, की या दहा-बारा मुलांना मी सांगतो ते का कळत नाही? म्हणजे ‘मागे पडणारं मूल’ हा शोध सक्तीच्या शिक्षणाचा आहे. त्याआधी अशी मुलं होतीच, पण वर्गात नव्हती.

१९०४ साली फ्रेंच सरकारने या मुलांसाठी एक समिती नेमली. तिच्यात आल्फ्रेड बिने होते. जन्म १८५७ चा. आपल्याला लक्षात ठेवायला सोपं, कारण त्याच वर्षी, त्याच जुलै महिन्यात मुंबई विद्यापीठ स्थापन झालं. बिने यांनी घरी आपल्या दोन मुलींवर, मादलेन आणि अलीस यांच्यावर, वर्षानुवर्षं छोटे छोटे प्रयोग केले होते. दोघी एकाच घरातल्या, पण एक गोष्ट नेटाने निरखणारी तर दुसरी कल्पनेत रमणारी. त्यातून त्यांना एक गोष्ट पटली होती: मुलं वेगवेगळ्या रीतीने विचार करतात, आणि ती रीत कवटीचं माप घेऊन कळत नाही. त्या काळी डोक्याचा घेर मोजून बुद्धी ठरवणारे विद्वान होते, हे विसरू नका.

१९०५ साली बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी तीस प्रश्नांची एक मालिका तयार केली. सुरुवात अगदी सोपी: पेटती काडी डोळ्यांपुढून फिरवली तर मूल नजर फिरवतं का? पुढे चॉकलेटचा तुकडा आणि लाकडाचा तुकडा यांतला खायचा कोणता हे कळतं का? मग चित्रातल्या वस्तूंची नावं, ऐकलेले आकडे परत म्हणणं, दोन रेषांत लांब कोणती, आणि शेवटी दोन अमूर्त शब्दांतला फरक. शाळेत शिकवलेलं शक्यतो विचारायचं नाही, हा कटाक्ष. कारण गरिबाघरचं मूल शाळेत उशिरा आलं म्हणून मागे पडलंय, की त्याला समजायलाच अडचण आहे, हा फरक त्यांना करायचा होता. १९०८ च्या आवृत्तीत त्यांनी प्रश्न वयानुसार लावले. सहा वर्षांच्या बहुतेक मुलांना जे जमतं ते सहाव्या वर्षाच्या गटात. यातूनच ‘मानसिक वय’ ही कल्पना रूढ झाली.

पण हे सगळं कशासाठी? मागे पडणाऱ्या मुलांना वेगळ्या छोट्या वर्गात घेऊन त्यांना झेपेल असं शिकवण्यासाठी. १९०९ च्या एप्रिलमध्ये फ्रान्सने अशा विशेष वर्गांचा कायदाही केला. चाचणी आणि वर्ग ही एकाच कामाची दोन टोकं होती. त्याच वर्षी बिने यांनी मुलांविषयी एक पुस्तक लिहिलं. बुद्धी ही ठरलेली राशी आहे, ती वाढत नाही, असं म्हणणाऱ्यांवर त्यात त्यांनी कडक टीका केली. लक्ष, स्मरण, निर्णय ही सरावाने वाढतात असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यासाठी त्यांनी व्यायाम सुचवले. त्यातला एक ऐकून तुम्हाला हसू येईल. मुलांनी पुतळ्यासारखं निश्चल उभं राहायचं, जो हलला नाही तो जिंकला. आपल्या गल्लीतला ‘स्टॅच्यू’! आपण तो आईची हाक चुकवण्यासाठी खेळलो, बिने तो एकाग्रतेसाठी खेळवत होते.

१९११ साली, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, बिने वारले. आणि त्यानंतर त्यांच्या चाचणीचं जे झालं ते बघायला ते नव्हते.

अमेरिकेत ही चाचणी १९०८ मध्येच पोहोचली होती. १९१२ साली जर्मनीतले विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागायची कल्पना मांडली. १९१६ साली स्टॅनफर्डच्या लुईस टर्मन यांनी चाचणीची मोठी सुधारित आवृत्ती काढली आणि त्या भागाकाराला शंभराने गुणलं. झाला बुद्ध्यंक. आता बघा, ‘हे मूल भाषेच्या प्रश्नांत दोन वर्षं मागे आहे, पण चित्रांत बरोबरीने आहे’ हे एक वर्णन आहे. त्याचं पुढे काय करायचं हे त्यातूनच सुचतं. ‘बुद्ध्यंक ७८’ यातून काहीच सुचत नाही. तो निकाल आहे. टर्मन तर त्याही पुढे गेले. मेक्सिकन आणि कृष्णवर्णीय मुलांचं मागासपण वांशिक असावं असं त्यांनी त्या पुस्तकात लिहिलं. पुढच्याच वर्षी अमेरिका महायुद्धात उतरली आणि सुमारे साडेसतरा लाख सैनिकांची सामूहिक बुद्धिचाचणी झाली. एका मुलाजवळ बसून, त्याच्याशी बोलत, त्याचा कल ओळखत घ्यायची चाचणी आता हॉलमध्ये शेकडो जणांना एकदम, घड्याळ लावून घ्यायची झाली. विशेष वर्गाचा मुद्दा त्यात कुठेच उरला नाही.

आता आपल्याकडे. आपल्याकडे मुलांना मोजायची सवय बुद्धिचाचणीने लागली नाही, ती आधीचीच. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ ची, त्या पहिल्या तुकडीत न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. तेव्हापासून ‘मॅट्रिक पास’ आणि ‘मॅट्रिक नापास’ ही माणसाची ओळख झाली. लग्नाच्या बोलणीत, नोकरीच्या अर्जात, घराच्या पाटीवरसुद्धा. पण ही चाळणी फार थोड्यांसाठी होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतिराव फुल्यांनी जे निवेदन दिलं त्याचा रोखच हा होता, की सरकारचा पैसा वरच्या शिक्षणावर जातो आणि खालच्या थरातल्या मुलांना प्राथमिक शाळाही मिळत नाही. पुढे बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ साली आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणलं. १९१८ साली मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने नगरपालिकांना सक्ती लागू करायची मुभा देणारा कायदा झाला. म्हणजे फ्रान्समध्ये १८८२ ला जे सुरू झालं, ते आपल्याकडे तुकड्यातुकड्याने पंचवीस-पस्तीस वर्षांनी सुरू झालं. आणि मग तोच प्रश्न आला: या मुलांना का कळत नाही?

धारवाडचे व्ही. व्ही. कामत हे नाव इथे येतं. १९३४ साली ब्रिटनमधल्या शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. विषय होता कानडी आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी बिने चाचणीची सुधारित आवृत्ती. १९४० मध्ये ऑक्सफर्ड प्रेसने त्यांचं इंग्रजी पुस्तक काढलं. बिने-कामत चाचणी म्हणून ती आजही आपल्या दवाखान्यांत, समुपदेशन केंद्रांत वापरली जाते. मला हे काम फार महत्त्वाचं वाटतं, आणि त्याची नोंद आपल्या शिक्षणाच्या इतिहासात पुरेशी घेतली गेलेली नाही. का महत्त्वाचं? भाषांतर सोपं असतं, पण चाचणीचं नुसतं भाषांतर चालत नाही. फ्रेंच मुलाला जी वस्तू रोजची, ती बेळगावच्या मुलाने पाहिलेलीही नसेल. कुठला प्रश्न सहाव्या वर्षाचा आणि कुठला आठव्या, हे पॅरिसमध्ये किंवा कॅलिफोर्नियात ठरलेलं असेल तर ते धारवाडला जसंच्या तसं लागू होत नाही. ते इथल्या मुलांना विचारूनच ठरवावं लागतं. परक्या मुलांच्या सरासरीशी आपल्या मुलाला ताडलं तर मोजपट्टी बरोबर असूनही मोजमाप चुकतं. कामतांनी ती सरासरी इथल्या मुलांमधून काढली.

अशीच दुसरी कामगिरी नागपूरची. ए. जे. मालिन यांनी साठच्या दशकात वेश्लर यांच्या मुलांसाठीच्या चाचणीची भारतीय आवृत्ती केली. मुलाच्या व्यवहारातल्या, सामाजिक वाढीच्या मापनश्रेणीची त्यांनी केलेली आवृत्ती तर ‘नागपूर आवृत्ती’ म्हणूनच ओळखली जाते. म्हणजे मूल स्वतःच्या हाताने जेवतं का, कपडे घालतं का, एकटं दुकानात जाऊन येतं का. मला वाटतं बिने यांना ही दुसरी मोजपट्टी जास्त आवडली असती.

तर चाचण्या आल्या. त्यांच्या मागोमाग मदत आली का?

थोडी आली. मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची पदव्युत्तर संस्था निघाली, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. १९३७ साली तिने बालमार्गदर्शन केंद्र सुरू केलं. भारतातलं हे पहिलं मानलं जातं. इथे दृष्टी वेगळी होती. मूल शाळेत मागे पडतंय, चोरी करतंय, अंथरूण ओलं करतंय, तर एकट्या मुलाला तपासायचं नाही. घर बघायचं, आईवडिलांशी बोलायचं, शाळेशी बोलायचं. डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ता तिघांनी मिळून. दुसरी वाट व्यवसाय मार्गदर्शनाची. तिची सुरुवात बॉस्टनची: फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ साली तिथे केंद्र काढलं, आणि त्याच वर्षी ते वारले. त्यांचं पुस्तक दुसऱ्या वर्षी निघालं. स्वतःला ओळखा, कामं ओळखा, आणि दोहोंची सांगड घाला, हे त्यांचं सूत्र. मुंबईत १९४१ मध्ये बाटलीबॉय यांचं मार्गदर्शन केंद्र, १९४७ मध्ये पारशी पंचायतीचं, आणि १९५० मध्ये मुंबई सरकारचं स्वतःचं व्यवसाय मार्गदर्शन केंद्र. मुदलियार आयोगाने १९५३ मध्ये आणि कोठारी आयोगाने १९६६ मध्ये शाळांतून मार्गदर्शन हवं असं स्पष्ट म्हटलं. कागद उत्तम होते. शाळेत मात्र बहुतेक ठिकाणी जो शिक्षक सगळ्यात मोकळा दिसेल त्याच्या गळ्यात ते काम पडलं.

पुण्यात १९६२ साली अप्पा पेंडसे यांनी ज्ञानप्रबोधिनी काढली, तिथे चाचणीचा उपयोग उलट्या बाजूने झाला: बुद्धिमान मुलं शोधायची आणि त्यांच्यावर समाजासाठी मेहनत घ्यायची. या प्रयोगाबद्दल मतमतांतरं आहेत, पण एक गोष्ट मान्य करावी लागेल. तिथे चाचणीनंतर काहीतरी घडत होतं. निवडलेल्या मुलासाठी कार्यक्रम तयार होता. याच्या तुलनेत अलीकडची कल चाचणी आठवा. २०१६ पासून काही वर्षं राज्यातल्या दहावीच्या सगळ्या मुलांची घेतली गेली. लाखो मुलांना कल अमुक क्षेत्राकडे असल्याचा कागद मिळाला. हेतू चांगलाच होता. पण तो कागद हातात घेऊन पुढे कोणाशी बोलायचं? गडचिरोलीच्या किंवा माणच्या शाळेत त्याचं उत्तर काय होतं? अकरावीचा प्रवेश शेवटी टक्क्यांवरच झाला.

आता मनाकडे वळू. कारण इतका वेळ आपण बुद्धीबद्दलच बोललो, आणि पन्नास वर्षं संशोधनातही तेच झालं. मूल हुशार आहे की नाही हे विचारलं गेलं, परीक्षेच्या वेळी त्याच्या आत काय चाललंय हे फारसं विचारलं गेलं नाही.

आपल्याकडे पालक सर्रास म्हणतात, ‘थोडं टेन्शन हवंच, त्याशिवाय अभ्यास होत नाही.’ या वाक्याच्या मागे जे शास्त्र सांगितलं जातं ते १९०८ चं. यर्क्स आणि डॉडसन हे दोन अमेरिकन संशोधक. हे यर्क्स तेच, ज्यांनी पुढे सैनिकांच्या चाचण्या केल्या. त्यांनी प्रयोग केला उंदरांवर. पांढरी पेटी आणि काळी पेटी, चुकीच्या पेटीत गेलं तर विजेचा झटका. झटका मध्यम असला की उंदीर लवकर शिकायचे, फार सौम्य किंवा फार तीव्र असला की हळू. पण त्या प्रयोगातला दुसरा अर्धा भाग आपण सांगत नाही: काम जितकं अवघड, तितका झटका कमी असतानाच उंदीर चांगले शिकले. म्हणजे उंदरांवरूनच बोलायचं असेल तर गणिताच्या पेपरला सगळ्यात कमी ताण हवा. आपण नेमकं उलट करतो.

माणसांवरचा अभ्यास १९५२ मध्ये येल विद्यापीठात मँडलर आणि सारासन यांनी सुरू केला. परीक्षेची भीती मोजणारी प्रश्नावली त्यांनी केली. १९६७ मध्ये लीबर्ट आणि मॉरिस यांनी या भीतीचे दोन भाग वेगळे काढले. एक शरीराचा: हात घामेजणं, पोटात गोळा येणं, छाती धडधडणं. दुसरा डोक्यातला: ‘मी नापास झालो तर? बाबा काय म्हणतील? शेजारचा पुरवणी घेतोय.’ गुण कमी होण्याशी ज्याचा जास्त संबंध दिसला तो दुसरा भाग. पोटात गोळा आला तरी मूल पेपर लिहू शकतं. पण डोक्यातली बडबड सुरू झाली की प्रश्न सोडवायला लागणारी जागाच ती खाऊन टाकते. १९८८ मध्ये हेम्ब्री यांनी अशा ५६२ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. भीतीने गुण कमी होतात हे तर निघालंच, पण भीती उपचाराने कमी होते आणि ती कमी झाली की गुणही सुधारतात हेही निघालं. आणखी एक गोष्ट, शिकवणीवाल्यांनी लक्षात घ्यावी अशी: नुसती अभ्यासाची कौशल्यं शिकवून परीक्षेची भीती फारशी कमी होत नाही. वेळापत्रक लावून दिलं, नोट्स काढायला शिकवल्या, तरी डोक्यातला आवाज बंद होत नाही. त्याच्याशी वेगळं काम करावं लागतं. समुपदेशकाचं काम ते.

हा आवाज येतो कुठून? ‘ढ’ शब्द इथे परत येतो. १९६८ मध्ये रोझेन्थल आणि जेकबसन यांनी कॅलिफोर्नियातल्या एका शाळेचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिक्षकांना सांगितलं गेलं, की चाचणीवरून ही अमुक मुलं यंदा झेप घेणार. खरं तर ती नावं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काढलेली होती. वर्षाअखेरीस लहान इयत्तांतल्या त्या मुलांनी खरंच जास्त प्रगती दाखवली. या अभ्यासावर पुढे पुष्कळ वाद झाला. परिणाम सांगितला जातो तितका मोठा नाही, मोठ्या इयत्तांत तो दिसलाच नाही, हे आक्षेप रास्त आहेत, आणि भाषणांत हा प्रयोग जादूसारखा सांगितला जातो ते मला पटत नाही.

पण आपल्याच देशातला एक अभ्यास मात्र मनातून जात नाही. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत तो केला, २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. सहावी-सातवीच्या वयाचे ३२१ सवर्ण आणि ३२१ दलित मुलगे. काम साधं: कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायची, जितकी सुटतील तितके पैसे. जात कोणी काढली नाही तेव्हा दोन्ही गटांत फरक नव्हता. मग काही गटांत सुरुवातीला प्रत्येकाचं नाव, गाव आणि जात मोठ्याने वाचली. एवढंच. आणि दोन गटांत ठळक दरी पडली, दलित मुलांची कोडी कमी सुटली. मुलं तीच, वय तेच, कोडी तीच. बदललं ते फक्त मोठ्याने वाचलेलं एक वाक्य. त्या पाच मिनिटांत कोणाचा बुद्ध्यंक खाली गेला असं कोणी म्हणेल का? टर्मन यांनी ‘वांशिक’ म्हणून जे नोंदवलं, त्यातलं किती असं खोलीत निर्माण झालं असेल याचा विचार करा. आपल्या वर्गात शिष्यवृत्तीचे फॉर्म भरताना ‘अमुक अमुक मुलांनी उभे राहा’ असं म्हणायची पद्धत होती. काही ठिकाणी अजून आहे.

मग चाचण्या घेऊच नयेत का? मुलांना वेगळं काढूच नये का? इथे मुंबई महापालिकेच्या शाळांतला एक प्रयोग सांगतो. ‘प्रथम’ या संस्थेचा बालसखी कार्यक्रम. तिसरी-चौथीतली जी मुलं वाचन-गणितात मागे होती, त्यांना दिवसातले दोनेक तास वर्गाबाहेर काढून पंधरा-वीसच्या गटात शिकवायचं. शिकवणारी बालसखी म्हणजे वस्तीतलीच, शाळा शिकलेली एक तरुण मुलगी. पदवी नाही, दोन आठवड्यांचं प्रशिक्षण. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २००१ पासून मुंबई आणि वडोदऱ्यात याची शास्त्रशुद्ध तपासणी केली. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी गुणांत सरासरी ०.२८ प्रमाण विचलनाची वाढ दिसली, शिक्षणाच्या प्रयोगांत ही चांगलीच म्हणायची. फायदा मुख्यतः झाला तो सगळ्यात मागे असलेल्या मुलांना. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभराने तो बराच ओसरला हेही त्यांनी लपवलं नाही.

बालसखी काय करत होती? शंभर वर्षांपूर्वी बिने यांनी जे मागितलं होतं तेच. मुलाला वेगळं काढणं आणि त्याला मदत देणं ही एकच कृती होती. आता याच्याशेजारी आपल्या शाळांतल्या तुकड्या ठेवा. ‘अ’ तुकडी हुशारांची, ‘ड’ तुकडी उरलेल्यांची. इथेही मुलं गुणांवरून वेगळी काढलेली आहेत. पण ‘ड’ तुकडीला चांगला शिक्षक मिळतो का? लहान वर्ग मिळतो? बहुतेक ठिकाणी ‘अ’ला मुख्याध्यापक गणित शिकवतात आणि ‘ड’वर नवखे सर जातात. मोजमाप सारखंच, पण एकीकडे त्याच्या पाठोपाठ बालसखी येते आणि दुसरीकडे फक्त पाटी. शिवाय बालसखीकडची मुलं दोन तासांनी वर्गात परत जात. ‘ड’ तुकडीतून परत यायचा रस्ता नसतो.

महाराष्ट्राने एके ठिकाणी हे बरोबर केलं, तेही सांगायला हवं. १९९६ मध्ये अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना, म्हणजे बुद्धी चांगली पण वाचन-लेखन-गणितात अडखळणाऱ्या मुलांना, परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय राज्याने घेतला, देशात सर्वांत आधी. जादा वेळ, लेखनिक, एखाद्या भाषेतून सूट. इथे बुद्धिचाचणी मुलाच्या बाजूने साक्ष देते: हा ‘ढ’ नाही, याला अक्षरं वेगळी दिसतात. ज्या मुलाला दहा वर्षं आळशी म्हणून मार बसला त्याच्या आईने तो कागद वाचताना काय वाटतं ते विचारून बघा. अडचण एवढीच, की प्रमाणपत्र देणारी केंद्रं मोठ्या शहरांत आहेत आणि रांगा लांब आहेत.

शेवटचा भाग अवघड आहे, पण तो टाळून हा विषय पुरा होत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. सगळ्यात जास्त, १,७६४, महाराष्ट्रात. प्रत्येकीमागे परीक्षाच होती असं कोणी म्हणू नये. घर, प्रेम, आजार, कर्ज, अपमान, कारणं गुंतलेली असतात. पण या वयातल्या मुलांना बोलायला माणूस हवा, हे तरी त्या आकड्यावरून कळावं.

तो माणूस कोण, यावर गोव्याच्या ‘संगथ’ या संस्थेच्या कामातून एक उपयोगी उत्तर मिळालं. १९९६ पासून ही संस्था एका प्रश्नामागे आहे: मानसोपचारतज्ज्ञ पुरेसे नसतील तर मदत कोण देऊ शकतं? बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ सरकारी माध्यमिक शाळांत त्यांनी ‘सेहेर’ नावाचा प्रयोग केला, २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो प्रसिद्ध झाला. काही शाळांत प्रशिक्षण दिलेला, तज्ज्ञ नसलेला समुपदेशक नेमला, ‘सेहेर मित्र’. काही शाळांत तेच काम तिथल्याच शिक्षकाला दिलं. काही शाळा नेहमीसारख्या चालू दिल्या. आठ महिन्यांनी मित्र असलेल्या शाळांत वातावरण ठळकपणे सुधारलं, दादागिरी कमी झाली, मुलांमधलं नैराश्य कमी झालं. शिक्षकाला काम दिलेल्या शाळांत मात्र जवळजवळ काहीच फरक नाही! शिक्षक वाईट होते म्हणून नव्हे. माझा अंदाज असा, की त्यांच्याकडे आधीच शिकवणं, पेपर तपासणं, माहिती भरणं होतं, आणि शिवाय जो आपल्याला मार्क देणार त्याच्याजवळ मूल रडत नाही. सत्तर वर्षं आपण मार्गदर्शनाचं काम सगळ्यात मोकळ्या शिक्षकाच्या गळ्यात घालत आलो, त्याची ही तपासणीच झाली म्हणा.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक नेमावा. त्यातच, गुणांवरून मुलांच्या वेगळ्या बॅचेस करू नयेत आणि चारचौघांत अपमान करू नये असंही आहे. शंभराहून कमी पट असेल तर बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावं. आता आपल्या वाड्या-वस्त्यांवरच्या जिल्हा परिषद शाळा डोळ्यांपुढे आणा. कुठे वीस पट, कुठे चाळीस. त्यांनी जोडून घ्यायचं कोणाशी? तालुक्याला एकही मानसोपचारतज्ज्ञ नाही असे तालुके आहेत. तिथे नालंदासारखा मित्र आणि मुंबईसारखी बालसखी, दोन्ही त्याच गावातून मिळू शकतात. त्यांचं मानधन कोणत्या खात्यातून द्यायचं, शिक्षण की आरोग्य, यावर फाइल अडू शकते, आणि अशा ठिकाणी ती अडतेच.

इथे थांबतो. समोर बरेच शिक्षक बसले आहेत, त्यांच्याकडून तुकड्यांबद्दल ऐकायला आवडेल. प्रश्न घेऊ या.